मागच्या पानावरचा प्रश्न

ताईनं आपला व्हिसा दोन महिने आधीच काढला, आणि धाकटा म्हणाला की मी माझा तिथं उतरल्यावर काढीन. एवढ्यावरून दोघा भावंडांत जन्मात पहिल्यांदा शब्दानं शब्द वाढला.

ताई मुद्रितशोधक होती. अडतीस वर्षं एका छापखान्यात बसून तिनं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. तिथले लोक पाठीमागे तिला ‘भिंग’ म्हणत. ते तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. मुलांसाठी निघणाऱ्या ज्ञानकोशाचा प्राण्यांवरचा खंड तिनं सात आवृत्त्यांत मिळून एकवीस वेळा वाचला होता. जिराफाच्या मानेत मणके किती, हत्तीण पिल्लाला किती महिने पोटात वागवते, हे तिनं झोपेतून उठूनही बिनचूक सांगितलं असतं. पण प्राणी म्हणून तिनं जवळून काय पाहिलं होतं, तर छापखान्याच्या गोदामातली मांजर. निवृत्त झाल्यावर तिनं मनाशी ठरवलं, की आता परदेशातल्या जंगलात जाऊन ही सगळी मंडळी एकदा चालताफिरताना पाहायची.

धाकटा हे ऐकून म्हणाला, “मी येतो तुझ्याबरोबर.” तो बसच्या वर्कशॉपात मेकॅनिक होता, तोही दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालेला. त्याच्या बायकोला लिफ्टमध्येसुद्धा गरगरायचं, त्यामुळे विमानाचं नाव काढताच तिनं हात जोडले.

सफारी कंपनीच्या माणसानं व्हिसाचे दोन मार्ग सांगितले. घरबसल्या आधी फॉर्म भरा, नाहीतर तिथल्या विमानतळावर खिडकीशी उभं राहून घ्या. दोन्ही चालतं, असं तो सहज म्हणून गेला. ताईला ‘दोन्ही चालतं’ हेच चालत नसे. ऱ्हस्व की दीर्घ, या प्रश्नाला कुणी असं उत्तर दिलं की त्या माणसाविषयी तिचं मत कायमचं वाईट होई. तिनं त्याच दिवशी कॉम्प्युटर उघडला आणि धाकट्याला पासपोर्टचा फोटो पाठवायला सांगितलं.

धाकट्यानं आधी ‘बघतो’ म्हटलं, मग ‘पाठवतो’ म्हटलं, मग दोन दिवस फोनच उचलला नाही. शेवटी म्हणाला, की तो आपला व्हिसा तिथंच घेणार.

ताईचा पारा चढला. शाळेच्या प्रवेशापासून लग्नाच्या नोंदणीपर्यंत त्याचा एकेक कागद तिनं भरला होता. जन्मतारखेचा रकाना आला की तो अजूनही तिच्याकडे बघायचा. आणि आता परदेशात, अनोळखी खिडकीशी, हा एकटा फॉर्म भरणार? तिनं त्याला रांगेची भीती घातली, परत पाठवतील म्हणून सांगितलं, शेवटी त्याच्या आळशीपणाचे लहानपणापासूनचे दाखलेही दिले. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“माझा फॉर्म मी भरीन, ताई,” तो म्हणाला. “एवढं मला करू दे.”

ताईनं भावजयीला फोन लावला, की तू तरी समजाव. ती म्हणाली, “राहू द्या ना, ताई. नसेल द्यायचा पासपोर्ट त्याला.” या बोलण्यात काहीतरी आहे असं ताईला वाटलं. पण ते काय, हे शोधायला तिच्यापुढे छापील पान नव्हतं. तिनं नाद सोडला आणि आपल्यापुरता फॉर्म भरला. तीन वेळा तपासला. आठवड्याभरात व्हिसा आला, त्याच्या तिनं दोन प्रती काढल्या आणि एक बॅगेच्या तळाशी ठेवली. धाकट्यासाठी चार जादा फोटो, हॉटेलच्या बुकिंगचा कागद आणि परतीच्या तिकिटाची प्रतही घेतली. राग होता, पण म्हणून त्याला वाऱ्यावर सोडवत नव्हतं.

ते उतरले ते विमानतळ लहानसं होतं. पत्र्याचं छप्पर, सावकाश फिरणारे पंखे, आणि लादीवर पिवळ्या पट्ट्यांनी आखलेल्या दोन रांगा. एक व्हिसा असलेल्यांची, एक नसलेल्यांची. ताई पहिल्या रांगेत जाऊन उभी राहिली. जाताना धाकट्याला म्हणाली, की पलीकडे पोचले की मी बाकावर बसते, तू सावकाश ये. बोलण्यात थोडा टोमणा होता, तो धाकट्याला बरोबर कळला आणि तो हसला.

तिची पाळी आली. खिडकीतल्या तरुणानं पासपोर्ट पाहिला, व्हिसा पाहिला, परत पासपोर्ट पाहिला. मग व्हिसाचा कागद तिच्याकडे वळवून त्यानं एका ओळीवर पेनाचं टोक ठेवलं. पासपोर्टच्या नंबरात शेवटून तिसरा आणि चौथा आकडा उलटसुलट झाला होता. पासपोर्टवर त्रेपन्न, व्हिसावर पस्तीस.

“हा व्हिसा तुमच्या पासपोर्टवर नाही,” तो म्हणाला. तो उद्धटपणे बोलला नाही. त्यामुळे तर ताईला जास्तच लागलं.

ती म्हणाली की हे शक्य नाही, मी तीन वेळा तपासलं आहे. आणि म्हणताम्हणताच तिला सगळं लख्ख आठवलं. पासपोर्ट कपाटातून पुन्हापुन्हा काढायला नको म्हणून तिनं नंबर आपल्या वहीत उतरवून ठेवला होता. फॉर्म भरला तो वहीवरून, आणि तिन्ही वेळा तपासला तोही वहीवरूनच. छापखान्यात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी ती बजावायची, की ताडून पाहायचं ते मूळ प्रतीशी, नकलेशी नाही. तिची चूक वहीत उतरवतानाच झाली होती. पुढचं सगळं तपासणं नकलेशी नक्कल ताडण्यातच गेलं.

तरुणानं तिला दुसऱ्या रांगेकडे पाठवलं. तिथं नवा फॉर्म भरा, साहेबबाई बघतील, म्हणाला. ताई बॅग ओढत लादीवरून निघाली तेव्हा सगळं विमानतळ आपल्याकडेच बघतंय असं तिला वाटत होतं. बघत कुणीच नव्हतं.

धाकटा भिंतीशी लावलेल्या उंच टेबलावर फॉर्म भरून रांगेत लागला होता. ती येताना दिसली तसा तो चरकला. काय झालं ते तिनं दोन वाक्यांत सांगितलं. तो आता हसेल, निदान ‘बघ’ तरी म्हणेल, म्हणून तिनं अंग आकसून घेतलं होतं. तो तसलं काही बोलला नाही. त्यानं तिच्या हातातली बॅग घेतली, टेबलावरचा कोरा फॉर्म आणून दिला आणि म्हणाला, “होईल. भर तू.”

मग जे झालं ते निव्वळ सवयीनं झालं. ताईनं त्याच्या हातातला भरलेला फॉर्म बघायला म्हणून घेतला. कुणाच्याही हातात लिहिलेला कागद दिसला की तिचा हात आपोआप पुढे जायचा. धाकट्यानं कागदाचं दुसरं टोक सोडलं नाही. क्षणभर दोघांनी तो तसाच धरून ठेवला. “राहू दे, ताई,” तो म्हणाला. तिला वाटलं, आता हा माझी चूक निघाली म्हणून भाव खातोय. तिनं कागद ओढून घेतला.

पुढचं पान ठीक होतं. जन्मतारीखसुद्धा बरोबर होती. तिनं पान उलटलं. मागे बारीक अक्षरात काही प्रश्न होते आणि त्यांच्यासमोर हो-नाहीचे चौकोन. सगळ्यांसमोर ‘नाही’वर खूण होती. फक्त एकासमोर ‘हो’. तुम्हाला कधी न्यायालयानं शिक्षा केली आहे का? आणि खाली, तपशील द्या म्हटलं होतं तिथं, धाकट्याच्या जाड, एकेक अक्षर सुटं काढलेल्या हस्ताक्षरात लिहिलं होतं: ‘तेवीस वर्षांपूर्वी. न तपासता बस ठीक असल्याची सही केली. ब्रेक लागला नाही, एक सायकलस्वार गेला. आठ महिने तुरुंग.’

ताईनं ते दोनदा वाचलं. मग कागद त्याला परत दिला.

रांग पुढे सरकली. तेवढ्यात त्याला आत बोलावलं. खोलीचं दार उघडंच होतं, आणि टेबलामागे बसलेल्या अधिकारी बाईंनी चष्मा दोरीनं गळ्यात अडकवला होता. त्यांनी फॉर्म वाचून धाकट्याला समोर बसायला सांगितलं. बाहेर उभ्या असलेल्या ताईला सगळं ऐकू येत होतं. बाईंनी विचारलं, त्यानंतर काही गुन्हा? त्यानं नाही म्हटलं. नोकरी गेली होती का? गेली होती, पण पुढे खालच्या जागेवर परत घेतलं. इथं कशाला आलात? बहिणीला प्राणी बघायचेत. बाईंनी फॉर्म पुन्हा उलटून पाहिला.

“बरेच लोक इथं ‘नाही’ लिहितात,” त्या म्हणाल्या. “आम्हाला कळायलाही मार्ग नसतो.”

“असेल,” धाकटा म्हणाला.

त्यांनी शिक्का मारला. त्याचं काम पंधरा मिनिटांत झालं. ताईचं मात्र अडलं. चुकीच्या नंबराचा व्हिसा आधी रद्द व्हायला हवा, त्यासाठी मुख्य कार्यालयाचं उत्तर यायला हवं, आणि त्याला तीन-चार तास लागतील, असं बाईंनी सांगितलं. बाहेर सफारीची जीप उभी होती. ड्रायव्हरनं बाकीच्या पाहुण्यांना घेऊन निघायचं म्हटलं, तेव्हा धाकट्यानं बाहेर जाऊन शिक्का मिळताच जीपमध्ये ठेवलेल्या दोघांच्या बॅगा उतरवून घेतल्या आणि तो ताईशेजारी बाकावर येऊन बसला.

ताईच्या डोक्यात ते आठ महिने उलगडत होते. तेव्हा ती छापखान्यामुळे दुसऱ्या शहरात राहायची. धाकट्याची लांबच्या डेपोत बदली झाली, असं भावजयीनं कळवलं होतं. पत्रं मात्र भावजयीमार्फत यायची, रेघांच्या एकाच जातीच्या कागदावर, आणि प्रत्येक पत्राचा वरचा कोपरा, तुरुंगाचा शिक्का असणार तो, कात्रीनं कापलेला. तो कोपरा तिला पहिल्याच पत्रात दिसला होता. इतकं बारीक पाहणाऱ्या बाईनं तेव्हा काहीच विचारलं नाही. उलट तिनं केलं काय, तर त्या पत्रांतलं शुद्धलेखन लाल पेनानं दुरुस्त करून ती परत घरी पाठवली, त्याच्यापर्यंत पोचवायला.

“मी तुझी ती पत्रं लाल करून पाठवायचे,” ती म्हणाली.

“यायची. मी आत वाचायचो. बरोबरचे हसायचे, म्हणायचे तुझी बहीण मास्तरीण आहे काय.” मग म्हणाला, “माझं अक्षर तिथंच सुधारलं.”

“मला का नाही सांगितलंस?”

तो समोरच्या पंख्याकडे बघत राहिला. “त्या दिवशी बारा गाड्या होत्या. अकरा बघितल्या. बारावीवर नुसती सही केली, घरी जायची घाई होती. तुला सांगितलं असतं तर तू एकच विचारलं असतंस, सही करायच्या आधी बघितलं का नाहीस. ते मला कोर्टात विचारलं, वर्कशॉपात विचारलं. तुझ्या तोंडून ऐकायचं बळ नव्हतं.”

ताईला वाटलं, म्हणावं की नाही रे, मी असं काही विचारलं नसतं. पण ते खरं नव्हतं.

“विचारलं असतं,” ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. त्यात राग नव्हता. मग तो आपणहून बोलत गेला, तुटक तुटक. सुटून आल्यावर तो एकदा त्या सायकलवाल्याच्या घरी गेला होता. दार एका शाळकरी मुलीनं उघडलं. तिच्या हातात कंपासपेटी होती. त्यानं काय बोलायचं ते वाटेत दहादा म्हणून पाहिलं होतं. प्रत्यक्षात त्यानं भलत्याच कुणाचा तरी पत्ता विचारला. मुलीनं नीट समजावून सांगितला, आणि तो त्या पत्त्याच्या दिशेनं चालत गेला, ती दारातून बघत होती म्हणून.

ताईनं मध्ये एक शब्द काढला नाही. तिला हे अवघड गेलं. बोलताना त्यानं एक साल चुकीचं सांगितलं, ते तिच्या लक्षात आलं आणि ओठांपर्यंत आलं, तरी तिनं ते आत ढकललं.

दुपार कलल्यावर अधिकारी बाई स्वतः पासपोर्ट आणि नवा व्हिसा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी ताईला नंबर मोठ्यानं वाचायला सांगितला. ताईनं पासपोर्ट धाकट्याच्या हातात दिला. तो वाचत गेला, ती नव्या कागदावर बोट फिरवत गेली. बरोबर होता.

पुढचे चार दिवस ते जीपमधून हिंडले. जिराफ पुस्तकात होता त्यापेक्षा फारच सावकाश चालत होता, आणि पाणी प्यायला पाय फाकवून वाकला तेव्हा तर ताईला त्याची काळजीच वाटली. हत्तींचा कळप रस्ता ओलांडेपर्यंत ड्रायव्हरनं इंजिन बंद ठेवलं. त्या शांततेत धाकट्यानं, कुणी न विचारता, आतल्या एका म्हाताऱ्या कैद्याची गोष्ट सांगितली. अशा गोष्टी तो अधूनमधून सांगत राहिला. काही ताईला ऐकवत नव्हत्या, तरी तिनं ऐकल्या. एकदा मात्र ती चिडली. भावजयीला माहीत, शेजारपाजाऱ्यांना माहीत, एकटी मीच परकी होते का, असं बोलून ती दुपारभर खोलीत बसून राहिली. संध्याकाळच्या फेरीला धाकट्यानं दार वाजवलं तेव्हा ती टोपी घालून तयार होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं भावजयीला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झालं.

“मला कळलं,” ताई म्हणाली.

पलीकडे भावजयीनं टीव्ही बंद केला. घरातला पंखा तेवढा ऐकू येत होता.

“त्यानं सांगितलं?”

“आधी फॉर्मवर लिहिलं. मग सांगितलं.”

भावजयीनं विचारलं, “जेवतो ना नीट?”

“जेवतो,” ताई म्हणाली. “आज दोनदा भात घेतला.” आणि मग आज सकाळी पाहिलेल्या गेंड्यांविषयी ती तिला सांगू लागली, की ते दोन होते, आई आणि पिल्लू, आणि पिल्लाच्या अंगावर चिखल कसा वाळला होता.