उसनी शिशी

सुपडूभाऊ पाटील ड्रायव्हरला साखरेचा आजार निघाला तेव्हा त्याला दुःख वगैरे काही झालं नाही. त्याला राग आला. बावीस वर्षं एसटीची गाडी हाकली, विडी नाही, दारू नाही, आणि आजार मात्र ह्यालाच! दोंडाईच्याचा तो कापसाचा दलाल रोज पहिल्या सीटवर बसून कागदातली जिलबी खातो आणि पाकाची बोटं सीटच्या कव्हराला पुसतो. त्याला का नाही झाला? देवाला असा जाब विचारता येत नाही म्हणून सुपडूनं तो घरच्यांना विचारायला सुरुवात केली.

गोष्ट एक्याण्णवच्या दिवाळीनंतरची. दोंडाईचा फेरीला त्यानं चिमठाण्याच्या अलीकडे दोनदा गाडी थांबवली आणि बाभळीआड जाऊन आला. तिसऱ्यांदा थांबवली तेव्हा मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडलं, "भाऊ, नळ दुरुस्त करी ल्या!" अख्खी गाडी खदाखदा हसली. दुसऱ्या दिवशी तो धुळ्यात चौथ्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेला आणि गोळ्यांची चिठ्ठी, न खाण्याच्या पदार्थांची यादी आणि तळपायाची मस्तकात गेलेली आग घेऊन घरी आला.

त्यानंतर जो तो शहाणपण शिकवू लागला. कुणी कारल्याचा रस सांगे, कुणी जांभळाच्या बियांची पूड. आणि हेच लोक पुढच्या क्षणाला हातावर पेढा ठेवत. सोनगीरच्या थांब्यावरचा हॉटेलवाला उखर्डू ड्रायव्हरसाठी खास चहा करायचा, कपात चमचा उभा राहील इतका गोड. सुपडूनं तो परत केला तर उखर्डूला अपमान वाटला.

"एक कप गोड चहा पीसन कोन मरस का, भाऊ?"

"मी मरस! मन्हा जीव शे, तुन्हा नही!" सुपडू असा खेकसला की चार प्रवासी उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

रागाच्या खाली भीती होती, पण ती तो कुणाला दाखवत नव्हता. डेपोत त्याच्याच बरोबर लागलेला नासीर ड्रायव्हर होता. घाटातून भरलेली गाडी काढावी तर नासीरनं, असा त्याचा हात. दोन वर्षांपूर्वी ड्रायव्हरांच्या मेडिकल तपासणीला नासीरच्या लघवीत साखर सापडली, वर डोळ्यांनीही दगा दिला. तेव्हापासून तो धुलाईच्या हौदापाशी स्टुलावर बसून कुठली गाडी धुतली, कुठली राहिली ते सांगायचा. कुणी हाक मारली तर मान वर करायचा आणि परत खाली घालायचा. सुपडूचं मेडिकल पुढच्या वैशाखात होतं. स्टेअरिंग गेलं तर आपणही त्या हौदापाशी, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

म्हणून तो कामाला लागला, तोही रागारागातच. पहाटे पांझरेच्या काठानं तासभर अशा तावातावानं चाले, की ओळखीची माणसं रस्ता सोडून उभी राहत. ज्वारीच्या दोन भाकरी, तिसरी नाही. भरीत चालेल, पण तेलाचा तवंग नको. ताटात मीठ कमी पडलं की तो ताट सरकवायचा आणि बायकोला, सुनंदाबाईला, घालूनपाडून बोलायचा. तिनं सहा महिन्यांत एकदाही उलट उत्तर दिलं नाही. तिनं डॉक्टरांकडून घरी लघवी तपासायची रीत शिकून घेतली होती. काचेच्या नळीत ते निळं औषध घ्यायचं, त्यात आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. साखर नसली तर निळं ते निळंच. असली तर हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि फार असली तर विटकरी. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण मोरीजवळच्या फळीवर तिनं लहानसा दवाखानाच थाटला होता. पहिल्या दिवशी नळीत वीट उतरली होती. संक्रांतीला नारिंगी झालं, होळीला पिवळं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळं गाव खापरावरच्या पुरणपोळ्या आमरसात बुडवत होतं आणि सुपडू भिंतीकडे तोंड करून भाकरी चावत होता, तेव्हा हिरवं. आणि मेडिकलच्या आधीचे पंधरा दिवस रोज निळं.

सुनंदाबाई नळी उजेडात धरून दाखवायची. सुपडू बघायचा आणि म्हणायचा, "ठीक." त्याचा विश्वास बसत नव्हता. सहा महिने स्वतःला एवढं जाळलं आणि आता खरंच काही झालं असेल, हे त्याच्या मनाला पटत नव्हतं. चांगलं काही आपल्या वाट्याला येतं ही गोष्टच तो विसरून गेला होता.

मेडिकलच्या आदल्या दिवशी सोनगीरहून त्याचा धाकटा भाऊ हिलाल कपाशीचं बी घ्यायला धुळ्याला आला आणि मुक्कामाला राहिला. हिलाल म्हणजे पैलवान गडी. आखाजीला सात पुरणपोळ्या खाल्ल्याचं तो अजून सांगत होता. पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. होळीच्या सुमाराला विळा लागला होता म्हणे. सुनंदाबाईनं विचारलं, "अजून भरनं नही का?" तर तो हसला. भावाच्या पथ्याचीही त्यानं यथेच्छ टर उडवली.

"शक्कर बठा कामवालासनी बिमारी शे, भाऊ. मी दिनभर वावरमा राबस. माले कोठेन व्हई?"

सुपडूच्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षं बसून गाडी चालवली हा काय गुन्हा झाला? पण त्याच रागातून त्याला युक्ती सुचली. सकाळी त्यानं खोकल्याच्या औषधाची रिकामी शिशी स्वच्छ धुतली आणि हिलालच्या हातात दिली. हिलाल पोट धरधरून हसला, पण शिशी भरून आणली.

सुनंदाबाईनं ते पाहिलं. तिच्या हातात नवऱ्याची सकाळची नळी होती.

"पंधरा दिनपासून निळं शे. आज बी निळंज शे. तुम्हनंच द्या ना. दुसरानं कसाले?"

"तुले काय समजस त्यामा? औषध जुनं व्हई गयं व्हई."

"औषध मांगला आठवडामा आनेल शे."

"मन्ही गाडी गयी तर तू चालाडशी का?" तो ओरडला. "नळीमा रंग दखीसन कोनी डॉक्टर व्हत नही!"

तिचा चेहरा उतरला. तिनं नळी मोरीत ओतली, घासली आणि फळीवर पालथी घातली. सुपडूनं शिशी गार पडू नये म्हणून धोतराच्या फडक्यात गुंडाळून कमरेला बांधली, वर खाकी शर्ट घातला आणि डेपोत गेला.

मेडिकलच्या खोलीत डोळे तपासले, छाती तपासली, सगळं ठीक. लघवीची बाटली घेऊन तो आडोशाला गेला आणि कमरेची शिशी तिच्यात रिती केली. कंपाउंडरनं नळी दिव्यावर धरली. सुपडू खिडकीतून बाहेर उभ्या गाड्यांकडे बघत होता. मागं डॉक्टर काहीतरी पुटपुटले म्हणून त्यानं वळून पाहिलं.

नळीत वीट होती. पहिल्या दिवशी त्याच्या घरी उतरली होती त्याहून गडद.

"पाटील, किती दिवसांपासून आहे हे?" डॉक्टर म्हणाले. "चार प्लस साखर आहे. असं घेऊन गाडी चालवता? साठ-साठ माणसं असतात मागं. तीन महिने गाडीला हात लावायचा नाही. औषध घ्या, मग परत या."

सुपडूनं मनातल्या मनात हिशेब केला. ही माझी नाही म्हणावं, तर मग कुणाची? मेडिकलला दुसऱ्याची लघवी आणली म्हणून चार्जशीट, कदाचित नोकरीच. न बोलावं, तर स्टेअरिंग जातं. डॉक्टरांनी सही केली आणि कागद त्याच्या हातात दिला. त्याच दिवशी दुपारी तो धुलाईच्या हौदापाशी बसला. नासीरनं न विचारता आपलं स्टूल अर्धं सरकवून दिलं. त्या अर्ध्या स्टुलाचा सुपडूला इतका संताप आला की त्यानं हौदाला लाथ घातली आणि स्वतःचंच बोट सुजवून घेतलं.

संध्याकाळी घरी सुनंदाबाईनं कागद वाचला. "निळं व्हतं," एवढंच ती म्हणाली आणि आत गेली. तो ओरडला असता, पण ओरडायला काही उरलं नव्हतं. स्वतःचे सहा महिने त्यानं स्वतःच्या हातानं आडोशाला नेऊन वाया घालवले होते, आणि तिचेही.

मग राहिला एकच माणूस, ज्याच्यावर राग काढता येत होता. हिलाल! सात पुरणपोळ्या खाणारा, हसणारा, आपल्या मुतानं भावाचं स्टेअरिंग गिळणारा हिलाल. सुपडूनं ठरवलं, ह्याचं तोंड पाहायचं नाही. सोनगीरचं कुणी डेपोत भेटलं तरी निरोप दिला नाही. एक दिवस गेला, दोन गेले. रोज हौदापाशी बसून तो मनातल्या मनात हिलालला शिव्या घाले, आणि दर वेळी त्या शिव्यांच्या मागून एक साधी गोष्ट डोकं वर काढी. ती वीट हिलालची होती. साखर हिलालच्या अंगात होती. सुपडू ती गोष्ट दाबून टाकी. कळेल त्याला केव्हातरी, मरू दे.

आठव्या दिवशी सुनंदाबाईनं जेवताना ताट त्याच्यापुढे ठेवलं आणि ती समोर बसली.

"हिलालभाऊना अंगठा होळीपासून भरी नही राहिना. तुम्हले सांगं व्हतं डॉक्टरनी, शक्करवालानं लागेल भरत नही. आठवस का?"

त्यानं घास खाली ठेवला. आठवत होतं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पायाला जपा म्हणून. अंगठ्याची चिंधीही त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. तो न आंचवता उठला, फळीवरून नळ्या, दिवा आणि औषधाची बाटली पिशवीत टाकली आणि सोनगीरच्या गाडीत जाऊन बसला. दुसराच कुणी ड्रायव्हर गाडी हाकत होता आणि गिअर खरवडत होता. एरवी सुपडूनं त्याला भरगाडीत झाडला असता.

हिलाल ओट्यावर बसून गुळाचा चहा पीत होता. पाय पाटावर होता, आणि चिंधी आता अंगठ्यापुरती नव्हती, पाऊलभर होती. वासही येत होता. त्याची बायको झुंबरबाई म्हणाली, "दोन रात झोपना नही, पन दवाखानामा जात नही. तुम्हीच सांगा, भाऊ."

सुपडूनं काही समजावलं नाही. समजावणं त्याला येतच नव्हतं. त्यानं दिवा पेटवला, भावाला शिशी भरून आणायला लावली आणि दोन नळ्या शेजारी शेजारी धरल्या, एक स्वतःची, एक हिलालची. एक निळी राहिली. दुसरी हिरवी, पिवळी होत होत बघता बघता विटकरी झाली.

"तुन्ही गाडी गयी म्हनीसन मन्हावर खार काढी राहिना का?" हिलाल भडकला. गाडी गेल्याचं सोनगीरला थांब्यावर कळलं होतंच. "तुन्ही बिमारी मन्हा गयामा बांधस?"

"ती मन्ही नव्हती. मेडिकलनी शिशी तुन्ही व्हती. तठे बी वीटज उनी. म्हनीसन तर गाडी गयी."

हिलाल आकडेमोड करतोय हे सुपडूला दिसलं, आणि ती कुठे जाऊन थांबणार हेही दिसलं.

"मेडिकल तर मांगला बुधवारे व्हतं," हिलाल सावकाश म्हणाला. "म्हंजे आठ दिनपासून तुले माहीत व्हतं?"

सुपडूनं होकाराची मान हलवली.

"सख्खा भाऊ शे ना रे तू!" हिलालनं बशी अंगणात भिरकावली आणि मग तो जे बोलला ते झुंबरबाईनं कानावर हात ठेवून ऐकलं. आईबापापासून सुरुवात करून त्यानं भावाला शिव्या घातल्या, आजाराला घातल्या, त्या निळ्या नळीला घातल्या, मी राबतो तर मलाच का म्हणून देवालाही घातल्या. सुपडूला त्यातला शब्द न् शब्द ओळखीचा होता. सहा महिने हेच सगळं त्यानं सुनंदाबाईला ऐकवलं होतं, आणि तिनं रोज सकाळी नळी धुतली होती. त्यानं हिलालला खांद्याचा आधार दिला आणि शिव्या ऐकत ऐकत थांब्यापर्यंत आणलं.

धुळ्यात चौथ्या गल्लीतल्या डॉक्टरांनी चिंधी सोडली. अंगठा काळा पडला होता. त्यांनी टाचणी टोचून विचारलं, दुखतंय का. हिलाल म्हणाला, कुठं टोचताय?

"अंगठा काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले. "पाऊल वाचेल असं वाटतं, पण ते तुमच्या पथ्यावर आहे. आठवडाभर आधी आला असता तर कदाचित बोटही राहिलं असतं." त्यांनी पेन उघडलं. "साखर आहे हे कळलं कधी?"

हिलालनं भावाकडे पाहिलं. सगळ्या वाटेवर शिव्या देऊन त्याचा आवाज बसला होता.

"आजच कळलं, साहेब," तो म्हणाला. "भाऊनं तपासलं म्हणून कळलं. नाहीतर मी कुठला येतोय."

सुपडूला राग आला. सहा महिन्यांत आला नव्हता एवढा आला, आणि ह्या वेळी तो कुणावर आलाय ह्याबद्दल त्याला शंका नव्हती.

"खोटं सांगतोय तो," सुपडू म्हणाला. "मला आठ दिवसांपासून माहीत होतं. लिहा, साहेब."