घोड्याच्या वर्षाची बोहनी

सादेक गावच्या बाजारात म्हाताऱ्या दुकानदारांना घरी बसवायचं काम मुओई गुरुजींचं. पंचांग हे आपलं निमित्त. कुणा पोराला वाटलं, बापानं आता लोखंडाच्या दुकानाचा गल्ला सोडावा, की तो चहाचा पुडा घेऊन गुरुजींकडे जायचा. मग गुरुजी पंचांग चाळून म्हाताऱ्याला सांगायचे, "यंदा उत्तरेकडे तोंड करून बसणं तुम्हाला बाधेल." दुकान नेमकं उत्तरेला तोंड करून असायचं. म्हातारा कुरकुरत उठायचा, पण मान ताठ ठेवून उठायचा. पोरानं उठवलं असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. उठवलं ते ग्रहांनी.

यंदा पाळी चटईवाल्या साऊबाईंची होती.

तेतचा, म्हणजे नव्या वर्षाचा सण तोंडावर आला होता. साऊबाई कलिंगड चिरत बसल्या होत्या. गुरुजी आले, खोकले, बसले.

"साऊबाई, येतंय ते घोड्याचं वर्ष. तुमचा जन्म घोड्याच्या वर्षातला. बारा वर्षांनी आपलंच वर्ष फिरून आलं की माणसानं जपावं. सणानंतर दुकान उघडायला तुम्ही पुढं होऊ नका. बोहनी सुनेच्या हातून होऊ द्या. आणि वर्षभर गल्ल्यावर बसू नका."

"वर्षभर?" सुरी कलिंगडात तशीच राहिली. "मग काय करू, माशा मारू?"

"आराम करा."

"तो मेल्यावर आहेच की. आणि एवढा चांगला असेल तर तुम्ही का नाही करत? तुमचे दात तर केव्हाच पुढं निघून गेले."

गुरुजी बोळकं पसरून हसले. मागं सून लुआ चहा घेऊन उभी होती. मान खाली; सासूकडं न बघताच तिनं कप पुढं ठेवले. या खेपेला चहाचा पुडा कुणी नेला, ते साऊबाईंना तिथंच कळलं.

पण गुरुजींचा हिशेब चुकला होता. साऊबाई घोड्याच्या वर्षातल्या नव्हत्याच. लहान पोरींना भातगिरणीत घेत नसत, म्हणून बापानं कागदावर एक वर्ष वाढवून लिहिलं होतं. जन्म खरा शेळीच्या वर्षातला. आई जिवंत होती तोवर रोज म्हणायची, शेळीच्या वर्षाची म्हणूनच इतकी हट्टी. हे ठाऊक असलेली माणसं सगळी नदीपलीकडे मातीत झोपली होती. एक वाक्य बोलायचा अवकाश, गुरुजींचं पंचांग तिथंच मिटलं असतं. वाक्य जिभेच्या टोकावर आलंही.

तेवढ्यात त्यांची नजर लुआच्या बोटांवर गेली. चटईच्या लव्हाळ्यानं चिरलेली बोटं. लग्न होऊन आली तेव्हापासून पोरगी चटया गुंडाळत होती. भाव सांगायचा तो साऊबाईंनी, चटईचा वास घेऊन माल पारखायचा तो साऊबाईंनी. पावसाळ्यात त्या शिडीवरून पडल्या, तेव्हा याच पोरीनं त्यांना पाठीवर घेऊन दवाखाना गाठला होता. आणि मागच्या महिन्यात कुडाच्या भिंतीपलीकडून तिचा आवाज आला होता. नवऱ्याला सांगत होती, "जन्मभर गुंडाळायचंच असेल तर सायगॉनच्या कारखान्यात गुंडाळू. तिथं निदान कुणी नावानं हाक मारेल."

साऊबाईंनी वाक्य गिळलं. कलिंगडाची फोड गुरुजींपुढं सरकवली.

"घ्या. घोडा तर घोडा."

सण झाला, दुकान उघडायचा दिवस आला. दरवाजाच्या फळ्या लुआनं काढल्या. साऊबाई मागच्या खोलीत पडद्याआड बसल्या. नव्या वर्षाचं पहिलं गिऱ्हाईक घासाघीस करून रिकाम्या हातानं गेलं की अख्खं वर्ष फुकट. असं गिऱ्हाईक गेलं की दुकानदार दारात कागद पेटवून अवदसा हाकलतात, आणि मग बाजारभर त्याचीच चर्चा.

आणि पहिलं गिऱ्हाईक आलं कोण? नदीपलीकडची लुओम म्हातारी. घासाघिशीत तिचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं.

"एवढा भाव? सोन्याचं लव्हाळं आहे का गं? सासू कुठाय तुझी?"

"आत आहेत, आजी. आज मीच आहे."

"मग निम्म्यात दे."

"निम्म्यात नाही परवडत."

"चालले मी."

साऊबाई उठल्याच. पडदा मुठीत आला. 'जा की मग, केळीच्या पानावर झोप!' हे त्यांचं नेहमीचं उत्तर तोंडात तयार होतं. आजवर त्याच उत्तरानं गिऱ्हाइकं चिडून चिडून चटई विकत घेत आली होती. पण आज गल्ल्यावर त्या नव्हत्या. त्यांनी पडद्यातली मूठ सोडली नाही, पाऊलही टाकलं नाही.

बाहेर लुआ म्हणाली, "आजी, जायचं तर जा. पण एवढं ऊन चढलंय. जरा पडून बघा हिच्यावर, मग जा."

"इथं? दुकानात?"

"काढा चपला."

चटई उलगडल्याचा सळसळता आवाज झाला. नव्या मालाला साऊबाईंनी कधी कुणाचं बोट लागू दिलं नव्हतं, पाठ तर सोडाच. मग बाहेरून म्हातारीचं खिदळणं ऐकू आलं.

"अगं बाई! गार आहे गं! आता उठव मला, कंबर धरली!"

एक घ्यायला आलेली म्हातारी दोन घेऊन गेली. भाव पुरता नाही मिळाला, थोडा सोडावा लागला.

लुआ आत आली. पहिली नोट धनाच्या देवापुढं ठेवायची असते. तिनं ती दोन्ही हातांनी साऊबाईंपुढं धरली. "मा, तुम्ही ठेवा."

"बोहनी जिची, तिनं ठेवायची." मग नाक उडवत, "काय गं, लोकांना दुकानात झोपवायला लागलीस? उद्या उशी देशील."

लुआचा चेहरा उतरला. "चुकलं का, मा?"

"लुओम म्हातारी हसत गेली. माझ्या दुकानातून ती कधी हसत गेली नव्हती. काय चुकलं ते तूच सांग."

लुआनं नोट देवापुढं ठेवली. साऊबाई तिच्या पाठीकडं बघत राहिल्या.

"पुढचं वर्ष कुठलं गं?"

"शेळीचं."

"मी शेळीच्या वर्षातली. घोडा कागदावरचा. गिरणीत घ्यावं म्हणून बापानं लिहिलेला."

लुआ गर्रकन वळली. तोंड पांढरंफटक. "मग यंदा तुम्ही... मा, तुम्हाला ठाऊक होतं? मी... गुरुजींना मीच..."

"रडू नकोस, नोट भिजेल. यंदा मी पडद्याआड बसले ती माझ्या मर्जीनं. पुढचं वर्ष माझं, तेव्हा मला खरंच गल्ल्यावर बसायला नको. म्हणजे बोहनी पुढच्या वर्षीही तुझीच. त्यानंतरचं विचारायला माझ्याकडं येऊ नकोस, तोवर सवय झाली असेल तुला."

बाहेर कुणीतरी हाक मारत होतं, "लुआ! ए लुआ! आहे का कुणी?"

"जा, नावानं बोलावतायत. आणि गुरुजींना यातलं काही बोलू नकोस हं. म्हाताऱ्याचा धंदा बसेल."