सातची लाइन

गोपालनं फोनवर "बरं, या" म्हटलं आणि फोन ठेवला. एवढे दोनच शब्द. त्यापायी पुढच्या वीस मिनिटांत त्याच्या अंगातलं रक्त आटलं, आणि खरं सांगायचं तर आटायलाच पाहिजे होतं.

फोन शामचा होता. पौषातली रविवारची संध्याकाळ. बाभुळगावकडचे हे चौघं दर रविवारी गिअरच्या सायकली घेऊन टेकडीवर जायचे. गोपाल, तांड्यावरचा शाम राठोड, शामची लहान बहीण वर्षा आणि रवी. वर्षा चढावर तिघांनाही मागं टाकायची आणि वर थांबून "या बुढ्यांनो, या!" म्हणून चिडवायची. आज टेकडी उतरून गोपालच्या शेतातल्या कोठ्यावर, म्हणजे गोठ्यावर, बार्बेक्यूचा बेत होता. बार्बेक्यू म्हणजे तरी काय, चार विटा, वर जाळी, खाली कपाशीच्या पऱ्हाट्यांचे निखारे, आणि कोंबडीचे तुकडे ओवायला सायकलीचे जुने स्पोक, घासून उकळून घेतलेले. ही अक्कल गोपालची. त्याला अक्कल फार, हाच त्याचा रोग.

गोपाल आणि रवी पुढं येऊन जाळाला लागले होते. मागं उतारावर शामच्या सायकलीची चेन तुटली, म्हणून वर्षा त्याच्यासोबत थांबली.

"पैदल येऊन राह्यलो," शाम फोनवर म्हणाला. "रस्त्यानं लय लांब पडते. नाल्यातून सरळ तुह्या वावरात निंघतो."

"बरं, या."

आणि नाल्याच्या बाजूनं गोपालच्या वावराला तार होती.

रानडुकरांनी हरभरा उकरून टाकला, तेव्हा अकरा दिवसांपूर्वी त्यानं गुडघ्याएवढ्या खुंट्यांवर बारीक तार ओढली आणि विहिरीजवळच्या पेटीतून तिच्यात करंट सोडला. सोलरचा झटका नव्हे, की डुक्कर दचकून पळेल. मोटार चालवणारा करंट. बापाला, म्हणजे पुंडलिकरावांना, याचा पत्ता नव्हता. या हप्त्यात शेतीची लाइन संध्याकाळी सातला यायची. लाइन आली की तारेत आपोआप करंट, पहाटे लाइन गेली की संपलं. आज दोस्त येणार म्हणून गोपाल दुपारी तार काढायला निघालाही होता. मग म्हणाला, जाऊ दे, सगळे रस्त्यानं येतील, नाल्याकडून कोण मरायला येते! याच शब्दांत म्हणाला.

मोबाइलमध्ये सहा अडतीस झाले होते. अंधार पडलेला.

"नाल्याकडून येऊ नको, तारेत करंट हाय," एवढं बोलायला किती वेळ लागतो? पण समोर रवी बसला होता, आणि रवी लाइनमन. याच शिवाराचा. मागच्या वर्षी असल्याच तारेवर एक माणूस गेला होता, ते प्रेत रवीनं तारेवरून सोडवलं होतं. नंतर चार दिवस त्याला अन्न गेलं नाही. त्याच्यासमोर कोणत्या तोंडानं सांगायचं? शिवाय पोलीस केस. गोपालनं ठरवलं, बावीस मिनिटं आहेत, गपचूप जातो, बटन पाडतो, कोणालेच कळत नाही. आणि लगेच उठलं तर रवीला संशय येईल म्हणून हा शहाणा आणखी पाच मिनिटं निखाऱ्यांना पुठ्ठ्यानं वारा घालत बसला.

"मी जरा विहिरीकडून येतो."

"कायले?"

"पाणी किती हाय ते पाहतो."

"अंधारात पाणी पाहतं? अबे, कोंबडी पाह्य इथं!" रवी हसला. गोपालही हसला आणि पुठ्ठा त्याच्याकडं टाकून उठला.

कोठ्याच्या आड गेला आणि तो पळत सुटला. विहीर वावराच्या पार दुसऱ्या टोकाला, मधे डोक्याच्या वर गेलेली तूर. फांद्या तोंडावर आपटत होत्या. पळता पळता त्यानं शामला चार वेळा फोन लावला. नाल्यात रेंज नव्हती. पेटीपाशी पोचला, हात पुढं केला.

पेटीला कुलूप होतं. त्यानंच लावलेलं, बापानं उघडून पाहू नये म्हणून. चाबी प्यांटच्या खिशात. प्यांट कोठ्यातल्या खुंटीवर. आणि हा सायकलीच्या घट्ट चड्डीत, जिला खिसाच नाही.

सहा बावन्न.

त्यानं दगड उचलून कुलपावर हाणला. एकदा, दोनदा, दहादा. बोटं सोलली, कुलूप जागचं हललं नाही. मग त्याला पेटीच्या खालून निघालेली तार दिसली. एक हिसका दिला तर तुटेल. लाइन अजून आलेली नाही, आत्ता ती नुसती तार आहे, पोरही ओढून काढेल. ओढ ना! पण लाइन काय घड्याळ पाहून येते? कधी सव्वासातला येते, कधी पाच मिनिटं आधीच येते. त्याचा हात तारेपासून चार बोटांवर गेला आणि मागं आला. परत गेला, परत आला. ज्या तारेवर कोणी मरेल का याचा त्यानं अकरा दिवस विचार केला नव्हता, तिला हात लावायची त्याची छाती होईना. भ्याला तो. साफ भ्याला.

आणि तेवढ्यात नाल्याच्या काठावर दोन दिवे वर आले. सायकलींचे.

"थांबा! थांबा रे!" त्यानं जीव खाऊन हाक मारली. वारा तोंडावरचा. तिकडून वर्षानं नुसती घंटी वाजवली, खुशीत, दोनदा. दिवे सरळ तारेकडं निघाले.

मग मात्र त्यानं रवीला फोन लावला, आणि दिव्यांच्या दिशेनं पळायला लागला.

"रवी, सबस्टेशनले फोन लाव! लाइन सोडू नका म्हणा!"

"काहून?"

"मी तारेत करंट सोडेल हाय. नाल्याच्या बाजूनं. शाम अन् वर्षा तिकूनच येऊन राह्यले रे..."

पलीकडं रवी ताडकन उठल्याचा आवाज आला.

"पेटीची चाबी?" रवीनं विचारलं.

"प्यांटात. खुंटीवर."

फोन कटला.

गोपाल ढेकळांत पडला, उठला, परत पळाला. इतक्यात दूरवर दिव्यांची एक अख्खी रांग लागली. आली लाइन! तो हरभऱ्यात गुडघ्यावर बसला आणि "माय वं, माय वं" म्हणत राहिला. ते गावातल्या रस्त्याचे दिवे होते, त्यांची लाइन वेगळी, ते रोजच यावेळी लागतात. हे त्याच्या डोक्यात शिरेपर्यंत वर्षा तारेपाशी पोचली होती.

तिच्या कपाळावरच्या बॅटरीत त्याला स्पष्ट दिसलं. ती वाकली, तार मुठीत धरली, आणि शामला सायकल खांद्यावर घेऊन ती ओलांडता यावी म्हणून खाली दाबून ठेवली. कितीतरी वेळ. शामची सायकल तारेत अडकली, त्यानं सोडवली, तोवर ती तशीच.

सात वाजले. सातवर एक झाला. दोन झाले. शिवारातला एकही बल्ब लागला नाही.

"काय रे गोपालभाऊ, ही तार कायची बांधली?" वर्षा जवळ येत म्हणाली. "कोणाच्या पायात येईन ना!"

गोपाल ढसाढसा रडायला लागला.

"अबे, काय झालं? साप डसला काय?" शामनं सायकल टाकून त्याचे पाय चाचपले.

तेवढ्यात विहिरीकडून रवीची हाक आली. "तिघंही इकडं या."

पेटी उघडी होती. रवीनं आतला फ्यूज उपटून काढला, सगळ्यांना दाखवला आणि खिशात टाकला. मग कसलीही घाई न करता त्यानं सगळं सांगितलं, तार काय आहे आणि सातला काय झालं असतं. गोपालकडं पाहिलंही नाही.

"किती दिवस झाले?"

"अकरा."

"गुरवारी डीपीचा फ्यूज उडेल होता," रवी म्हणाला. "तो टाकाले मी याच बांधावरून गेलतो. साडेसात वाजता. लाइन नव्हती, म्हणून जित्ता घरी गेलो."

त्यानं आईमाईवरून शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. रवीचा फोन वाजला. त्याच्याच सांगण्यावरून लाइन रोखलेला सबस्टेशनचा ऑपरेटर होता, शेतकरी ओरडत होते, लाइन सोडू का म्हणून विचारत होता.

"एक मिनिट थांब," रवी त्याला म्हणाला. आणि पेटीतून निघालेली तार उचलून गोपालसमोर धरली. "धर."

"फ्यूज काढला ना तू?"

"तुह्या डोळ्यासमोर काढला. धर."

गोपालनं हात पुढं केला. चार बोटांवर जाऊन तो मागं आला.

रवीनं तार स्वतःच्या मुठीत आवळली. "सोड," तो फोनवर म्हणाला.

शिवारातले सगळे बल्ब एकदम लागले. रवी तार धरून उभा. कोठ्याकडून कोंबडी करपल्याचा वास येत होता.

"गोपालभाऊ," वर्षाचा आवाज एवढा बारीक त्यांनी कधी ऐकला नव्हता. "मी धरलती ना ही?"

शामनं तुटक्या चेनची सायकल उचलली, "चाल," म्हणून बहिणीचा तो हात धरला, आणि दोघं बहीणभाऊ कोठ्यावर न थांबता घरी निघाले. लांबच्या रस्त्यानं.