दोघींचा एक डबा

सारजाबाई आणि दिपाली या शेळगावच्या दोन जावांनी माझं दोन वर्षांचं काम एका स्टीलच्या डब्यात बुडवलं, आणि मला त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

मी बारामतीत एका फार्मसी कॉलेजात संशोधन करते. शंखपुष्पीचा अर्क डिप्रेशनवर चालतो का, हे बघायचं होतं. निम्म्या लोकांना अर्काच्या कॅप्सूल, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, पण आत नुसतं पीठ. कुणाला काय मिळालं हे शेवटपर्यंत त्यांनाही कळणार नव्हतं आणि मलाही. दर मंगळवारी मी एकवीस प्रश्न विचारायचे. झोप लागली का, रडू येतं का, असे एकामागून एक.

सारजाबाईंना दिपाली घेऊन आली होती. तीन महिने त्यांनी केसांना फणी लावली नव्हती. मी विचारत होते, त्या भिंतीकडे बघत होत्या आणि उत्तरं दिपालीच देत होती. सातव्या प्रश्नाला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही जावेचं नाही, स्वतःचं सांगत होती! मग आमच्या अभ्यासातल्या डॉक्टरांनी दोघींना तपासलं आणि दोघींचीही नावं अभ्यासात घेतली.

चौथ्या मंगळवारी सारजाबाईंनी टेबलावरची शंखपुष्पी उचलून बघितली. "ही तर आमच्या माळाला शेळ्या खात्यात. तरीच मेल्या कवा उदास दिसत न्हाईत." मला इतका आनंद झाला की तो फॉर्मवर कुठे लिहावा ते कळेना.

आठ आठवड्यांनी दोघी चांगल्याच सुधारल्या होत्या. कुणाला काय दिलं ती यादी उघडली, तर सारजाबाईंना अर्क आणि दिपालीला पीठ. मग दिपाली कशानं सुधारली? उरलेल्या कॅप्सूल परत घ्यायचा नियम असतो. त्या आणायला या दोघी विसरल्या, म्हणून मीच स्कूटी काढून शेळगावला गेले. दिपालीनं चहाबरोबर कॅप्सूलचा एक स्टीलचा डबा पुढं ठेवला. मी दिलेल्या कॅप्सूलच्या बाटल्या फळीवर होत्या, एकीत मोहरी, दुसरीत ओवा.

"अगं, दोघींच्या गोळ्या एकत्र ओतल्या?"

"मग? येगळ्या ठिवल्या आसत्या तर सासूबाई म्हणाल्या आसत्या, वाटण्या झाल्या का काय," दिपाली म्हणाली. "सकाळी हाताला यील ती घ्यायची. गोळ्या सारख्याच की!"

मी कपाळाला हात लावला. कुणाच्या पोटात किती अर्क गेला आणि किती पीठ, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. माझ्या गाईड सरांना फोन केला, तर ते म्हणाले, दोघींची नावं गाळून टाक. त्यांचं काय जातंय सांगायला.

मी डबा पिशवीत घातला, तशा सारजाबाई म्हणाल्या, "गोळ्या बंद झाल्या. परत तसंच झालं तर म्या काय करू? मला कशानं बरं वाटलं, तेवढं सांगा."

एवढं शिकून मला त्या एका प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. मला लाज वाटली. "माहीत नाही," मी म्हणाले. "पण जरा जरी तसं वाटलं तरी तडक डॉक्टरांकडे या. गोळ्यांची वाट बघू नका."

पुढच्या मंगळवारी दोघी दारात हजर. अभ्यास संपलाय, डॉक्टर वरच्या मजल्यावर आहेत, असं मी सांगितलं. सारजाबाई नेहमीच्या खुर्चीत बसल्या. "जाऊ की वर. आदी तुमी इचारा."

माझ्याकडे फॉर्मसुद्धा नव्हता. तोंडपाठ होतं तसं विचारलं, "झोप लागली का?"

"न्हाय. तीन दीस झालं."

म्हणजे त्यांना बरं वाटलं ते अर्कानंच? मी दिपालीकडे वळले. तिनंही त्याच डब्यातलं खाल्लं होतं. ती पदराचं टोक चुरगाळत होती.

"मला लागली," ती म्हणाली, आणि चोरी सापडल्यासारखी रडायला लागली.

सारजाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "म्होरचा इचारा," त्या मला म्हणाल्या.

पुढचा प्रश्न रडू येतं का, हा होता. तो काही मला विचारता येईना.