काटे काढलेली तारली

बुधवारी मासळीचं दुकान बंद असतं, म्हणून बुधवार ठरला. तरी कानाए पहाटेच उठली होती. मासळी काही वार बघून किनाऱ्याला लागत नाही. ती चिरायची, खाऱ्या पाण्यात बुडवायची, मागच्या अंगणातल्या जाळ्यांवर वाळत घालायची, आणि मग घराबाहेर पाऊल टाकायचं. त्यामुळे ती गाडीत बसली तेव्हा तिचे डोळे अर्धे मिटलेलेच होते. खाडीवर धुकं होतं. रस्ता धुक्यात शिरत होता, बाहेर येत होता, पुन्हा शिरत होता, आणि आपण जागे आहोत की नाही हे तिला नीट कळत नव्हतं.

"बाबांना मासे दाखवायला न्यायचं," तिचा नवरा तोमोया गाडी चालवता चालवता म्हणाला, "म्हणजे खाटकाला गोठा दाखवायला नेण्यासारखं आहे."

"इतोहाला डॉल्फिन बघायचेत," कानाए म्हणाली.

"मग इतोहाला ने."

"मी अजून बहिरा झालेलो नाही," मागच्या सीटवरून तिचे सासरे तोकुजिरो म्हणाले. त्यांच्या मांडीला टेकून सहा वर्षांची नात इतोहा खिडकीच्या काचेवर बोटानं मासा काढत होती.

सहल इतोहाच्या नावावर होती, पण खरी होती तोकुजिरोंसाठी. हिवाळा संपता संपता सासूबाई, फुमिए, गेल्या. सुतक संपेपर्यंत घरात मासळी शिजली नाही, हे रीतीला धरूनच झालं. सातव्या आठवड्याचा विधी झाला, भिक्षू जेवून गेले, आणि त्या संध्याकाळी घरात पुन्हा तारल्या भाजल्या गेल्या. सगळे उपाशी असल्यासारखे तुटून पडले. तोकुजिरोंनी आपली बशी हळूच बाजूला सारली आणि मुळ्याच्या लोणच्याबरोबर भात खाल्ला. दुःख आहे, असू दे, असं सगळ्यांना वाटलं. पण चेरीचा बहर आला आणि गेला, तरी बशी बाजूलाच सरत राहिली. नुसता भातही हळूहळू अर्धाच संपू लागला. ज्या माणसानं आयुष्यभर मासळी चिरली, तो चिरायच्या पाटाकडे फिरकेनासा झाला. पट्टा आवळता आवळता त्याला नवी भोकं पाडावी लागली. डॉक्टरांनी तोमोयाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की असंच चाललं तर यांना हा उन्हाळा झेपायचा नाही.

कानाएनं काय केलं नाही? भाजून दिलं, उकडून दिलं, सोया आणि साखरेत शिजवून दिलं. सगळं जसंच्या तसं परत. शेजारणी हळहळत म्हणायच्या, "सुनेच्या हातची चव लागत नसेल गं," आणि ते तिच्या काळजात रुतून बसायचं. कारण ती डोंगरातली. तिच्या माहेरी मासा म्हणजे सणासुदीला ओढ्यात सापडेल तो. लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणात तिनं भाजलेल्या बांगड्याची अशी काही दशा केली, की फुमिए सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "ही मासा खाते की त्याचं पोस्टमॉर्टेम करते?" सगळे हसले. तीही हसली. आणि नंतर दहा वर्षं तिनं कुणासमोर अख्खा मासा खाल्ला नाही.

तर तिचा बेत असा होता. त्यांच्या गावची माणसं मत्स्यालयाच्या काचेसमोर उभी राहिली की "किती सुंदर" म्हणत नाहीत. "काय झकास लागेल हा," म्हणतात, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. जिवंत, लखलखीत मासे बघून बाबांच्याही तोंडाला पाणी सुटेल, एवढीच तिची भाबडी आशा होती.

समुद्राच्या कडेला टेकडीवर मत्स्यालयाचं ते उद्यान होतं. धुकं तिथपर्यंत चढलेलं. पेंग्विन बस चुकल्यासारखे एका रांगेत उभे होते. कुठेतरी पाणी सारखं पडत होतं, आणि न दिसणारं कुणीतरी भुंकल्यासारखा आवाज काढत होतं. तोमोया इतोहाला घेऊन डॉल्फिनकडे गेला. कानाए सासऱ्यांना घेऊन मोठ्या टाकीच्या दालनात शिरली.

आत सगळं निळं होतं. जमीन, छत, माणसांचे चेहरे, सगळं. पाण्यातून येणारा उजेड भिंतींवर हळूहळू हलत होता. आणि त्या निळाईत तारल्या होत्या, हजारोंनी. सगळ्या मिळून एकच काहीतरी असल्यासारख्या वळायच्या. वळल्या की चांदी, पुन्हा वळल्या की काहीच नाही, नुसती सावली. तोकुजिरो बाकावर बसले ते बसलेच.

शेजारी एक जोडपं येऊन उभं राहिलं. "गोड मिरिन लावून वाळवल्या तर," बाई म्हणाली.

"वर तीळ," नवरा म्हणाला, आणि दोघं समाधानानं पुढे गेले.

कानाएनं आशेनं सासऱ्यांकडे पाहिलं. ते काचेकडेच बघत होते.

"मी यांना समोरून कधी पाहिलंच नव्हतं," ते म्हणाले. "पोटाकडून पाहिलं, पाठीकडून पाहिलं. समोरून तोंड असं असतं होय."

"कसं?"

"काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखं."

कानाए त्यांच्याशेजारी बाकावर टेकली. झालं, आता हे मासळीचं नावही घेणार नाहीत, आणि हा उद्योग आपणच करून ठेवला, असं तिला वाटलं. तिनं काहीतरी बोलायचं ठरवलं, पण निळा उजेड तिच्या पापण्यांवर बसला होता. पहाट अजून अंगात होती. तिचा डोळा लागला.

स्वप्न होतं की काय कोण जाणे, पण काचेपलीकडून फुमिए चालत आल्या. अंगावर रबरी एप्रन, डोक्याला रुमाल, दुकानात असायच्या तशाच. तारल्या त्यांना वाट करून देत होत्या आणि त्यांच्या मागे पुन्हा मिटत होत्या. फुमिए अजिबात घाईत नव्हत्या. काचेपाशी येऊन त्यांनी कानाएकडे पाहिलं आणि ओठ हलवले. पाण्यात काही ऐकू येईना. कानाए पुढे सरकली, कान काचेला लावला. काच थंड होती. आत खोल कुठेतरी कुणीतरी गुणगुणत होतं.

"घोरत होतीस," तोकुजिरो म्हणाले.

ती दचकून सावरून बसली. "माफ करा, बाबा."

"झोप की. घरात झोपतेस कधी?" ते पुन्हा काचेकडे वळले. "इथं बरं वाटतं. वास आपल्या दुकानासारखाच आहे. पण कुणी मेलेलं नाही."

 कानाए त्यांच्या आणखी जवळ सरकून बसली, आणि तिला त्यांची फार माया वाटली.

मग इतोहा धावत आली. डॉल्फिननं शिंतोडे उडवून तिची बाही भिजवली होती, आणि आता तिला समुद्रसिंहाला खाऊ घालायचा होता. सगळे बाहेर आले. धुकं थोडं वर गेलं होतं, पण ऊन काही पडलं नव्हतं. कठड्यापाशी एक बाई छोट्या डब्यांतून तारल्या देत होती, बरोबर एकेक चिमटा. खाली हिरव्या पाण्यात मोमो नावाची मादी तोंड वर करून तरंगत होती. इतोहानं डबा घेतला, मोमोनं जबडा उघडला, आणि इतोहाचं सगळं शौर्य संपलं. तिनं डबा आजोबांच्या हातात कोंबला.

"तुम्ही द्या."

तोकुजिरोंनी डब्यात पाहिलं. हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच मासा त्यांच्या इतक्या जवळ आला होता. त्यांनी चिमटा कठड्यावर ठेवला आणि एक तारली उचलून तळहातावर घेतली. नाकाशी नेली. मग अंगठा कल्ल्यामागे गेला, डोकं वेगळं झालं, पोट उघडलं, आतलं बाहेर आलं. तारलीला सुरी लागत नाही, अंगठा पुरतो. तो कण्यावरून शेपटीपर्यंत सरकला आणि अख्खा काटा धागा ओढावा तसा सरळ निघून आला. हे सगळं त्यांनी मोमोकडे बघत केलं, हाताकडे नाही.

तोमोयानं कानाएचा दंड धरला. 

तोकुजिरोंनी ती उघडलेली, स्वच्छ तारली मोमोकडे टाकली. मोमोनं ती मिशांनी चाचपली, तोंडात घेतली आणि लगेच पाण्यात सोडून दिली. तारली पांढऱ्या चिंधीसारखी हलत हलत खाली गेली.

"आजोबा, तिला अख्खीच लागते," डबेवाली बाई हसू दाबत म्हणाली. "डोक्यासकट."

"काट्यासकट?"

"काट्यासकट."

"काढून द्यायला कुणी नसेल तिला," तोकुजिरो म्हणाले.

"तुमचे काटे आजी काढायची," इतोहा म्हणाली. "आणि आजीचे तुम्ही."

"काय म्हणालीस?" तोमोयानं विचारलं.

इतोहाला यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. "दुकान बंद झाल्यावर. मागच्या खोलीत. मी तिथं चित्रं काढायचे ना. आजी आपला मासा आजोबांना द्यायची आणि आजोबा आपला आजीला. मग दोघं एकमेकांचे काटे काढायचे. मग बशा परत बदलायच्या." तिनं थोडा विचार केला. "बोलायचे काहीच नाहीत."

तोकुजिरोंचे कान लालभडक झाले. ते रुमालानं एकेक बोट पुसू लागले, जणू तेवढं एकच काम जगात उरलं होतं. तोमोया वडिलांकडे बघतच राहिला. त्या घरात नवरा-बायकोनं एकमेकांना कधी नावानं हाक मारलेली त्यानं ऐकली नव्हती. आई-बाबा सगळ्यांचं झाल्यावर मागे बसून जेवतात, ते दुकानाच्या आवराआवरीमुळे, असंच तो लहानपणापासून धरून चालला होता.

उरलेल्या तारल्या तोकुजिरोंनी अख्ख्याच टाकल्या आणि मोमोनं मटकावल्या. कानाएचं तिकडे लक्ष नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे इतक्या दिवसांच्या बशा येत होत्या. आपण रोज त्यांच्यापुढे एक बशी ठेवत होतो, एकच. आणि उत्तम भाजलेला मासा माणूस का खात नाही म्हणून डोकं धरून बसत होतो.

जेवायला उशीरच झाला. वरच्या मजल्यावर उपाहारगृह होतं, काचेच्या भिंतीबाहेर धुकं आणि समुद्र एकाच रंगाचे. बापलेकीनं करी-भात मागवला. तोकुजिरो म्हणाले, "मला नूडल्स. साधेच." आणि कानाएनं भाजलेला बांगडा मागवला.

"तू?" तोमोया म्हणाला.

"हो, मी."

बांगडा आला. कातडी फुगून तडकलेली, कडेला मुळ्याचा कीस. कानाएनं चॉपस्टिक्स हातात घेतल्या आणि तिला दहा वर्षांपूर्वीचं ते सगळं हसू पुन्हा ऐकू आलं. जीव गेला तरी सांगायचं नाही असं जे ठरवलं होतं, ते सांगायची वेळ आली होती. तिनं बशी टेबलावरून सासऱ्यांपुढे सरकवली.

"बाबा, मला भाजलेल्या माशाचे काटे काढता येत नाहीत."

तोकुजिरोंनी नूडल्सवरून मान वर केली. "लग्न होऊन दहा वर्षं झाली."

"हो."

"मासळीच्या दुकानात."

"हो."

"मग इतकी वर्षं खात काय होतीस?"

"पोटाकडचं, मऊ असतं तेवढं. आणि बाकीचं सगळे उठल्यावर. हातानं."

तोमोयाला ठसका लागला. इतोहानं त्याच्या पाठीवर थोपटलं. तोकुजिरो हसले नाहीत. त्यांनी नूडल्सचं वाडगं बाजूला केलं आणि बशी पुढे ओढली. चॉपस्टिक्सचं टोक पाठीच्या रेषेत शिरलं, एका बाजूनं सरकलं, दुसऱ्या बाजूनं सरकलं. कणा उचलला गेला. मग बरगड्यांचे बारीक काटे, एकेक, कुठेही घाई नाही. ते ओठ किंचित पुढे काढून काम करत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की कानाएला वाटलं, आपण दार न वाजवता कुणाच्या तरी खोलीत आलो आहोत. तिनं नजर वळवून धुक्याकडे पाहिलं.

बशी परत आली. तिनं खाल्लं. दहा वर्षांत पहिल्यांदाच ती मासा बिनघोर चावत होती, आणि तिचे डोळे भरून आले. तोकुजिरो तिचा घास न् घास बघत होते.

"काटा लागतो का?"

"एकही नाही."

त्यांनी मान हलवली. नूडल्स गार होऊन गेले होते. त्यांनी हात वर करून वाढणाऱ्या बाईला बोलावलं.

"अजून एक बांगडा."

 तोमोयानं डोकं करी-भातात घातलं आणि बराच वेळ वर काढलं नाही. 

दुसरा बांगडा आला. तोकुजिरोंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि चॉपस्टिक्सला हातही न लावता बशी कानाएपुढे सरकवली.

 आपल्याला येत नाही हे आत्ताच सांगितलंय, असं म्हणावंसं तिला वाटलं, पण तोकुजिरो हात मांडीवर ठेवून शांत वाट बघत होते. ते कसे करत होते तसं करायचा तिनं प्रयत्न केला. कणा अर्ध्यात तुटला. मांसाचा चुरा झाला. काटे दिसले तेवढे तिनं उचलले, जे दिसले नाहीत त्यांच्यासाठी बोटं घातली. शेवटी बशीत जे उरलं त्याला बांगडा म्हणणं धाडसाचंच होतं. तिनं ती बशी खाली मान घालून परत दिली.

तोकुजिरोंनी पहिला घास घेतला. चावला, गिळला. दुसरा घेतला. तिसऱ्याला ते थांबले. त्यांनी जीभ फिरवली, दोन बोटांनी ओठांतून एक काटा काढला आणि बशीच्या कडेला ठेवला. चांगला लांब होता.

कानाएचा चेहरा उतरला. "राहिला ना? द्या बाबा, मी परत बघते."

"राहू दे," तोकुजिरोंनी बशी स्वतःकडे ओढून धरली आणि पुढचा घास उचलला. "तिचेही राहायचे. रोज."