तिच्या भाषेत

पोलीस कचेरीच्या परदेशी नागरिक शाखेत जमादार पंजाबरावांनी गिल्या वड्याचं दही बोटांवरून चाटलं आणि त्याच हातानं कागद ताहेर सरांपुढे सरकवला.

"सर, फक्त वाचून दाखवा तिले. मोडकीतोडकी हिंदी येते तिले, पण कायद्यानं तिच्याच भाषेत सांगा लागते. म्हणून तुमाले अकोल्याहून तकलीफ देली. वडा घ्या ना."

ताहेर सरांनी नको म्हणून मान हलवली. तीस वर्षं त्यांनी कॉलेजात फारसी शिकवली होती. शेवटी शेवटी वर्गात चारच पोरं उरायची. निवृत्तीनंतर त्या भाषेत पुन्हा कुणाशी बोलायला मिळेल असं वाटलं नव्हतं. सकाळी अमरावतीच्या बसमध्ये चढताना, खरं सांगायचं तर, त्यांना आनंदच झाला होता.

समोर निलूफर बसली होती. इराणहून इथं एम. फार्म. करायला आलेली, सत्ताविशीतली. व्हिसा संपलेला. आश्रय मिळावा म्हणून तिनं दिल्लीला केलेल्या अर्जाचं उत्तर आलं नव्हतं. त्याआधीच तिला परत पाठवायचा हुकूम आला होता. शेजारी भावना नावाची पोलीस शिपाई होती.

सरांनी कागद वाचला. 'मी राजीखुशीने मायदेशी परत जात आहे. तेथे माझ्या जिवास कोणताही धोका नाही.'

"हे हिनं सांगितलं?"

"सांगेल ना आता, तुमी समजावल्यावर."

"उस्ताद," निलूफरनं फारसीत विचारलं, "यात नेमकं काय लिहिलंय?"

सरांनी पंजाबरावांकडे पाहिलं. ते पानातली हिरवी चटणी बोटानं निपटत होते. सरांनी शब्द न् शब्द सांगितला. मग आवाज न बदलता पुढे म्हणाले, "सही करू नकोस, बेटी."

तिनं कागद दूर लोटला आणि बोलू लागली. सर मराठीत सांगत गेले.

"सरकारविरोधी मोर्चाच्या खटल्यात हिच्या भावाला तिकडे फाशी दिली. दोन वर्षं झाली. त्याच खटल्यात हिचंही नाव आहे. ही इथं असतानाच निकाल लागला. हिलाही फाशीच."

भावना भिंतीकडे बघू लागली. पंजाबरावांनी रद्दीच्या कागदाला तोंड पुसलं.

"मालूम आहे सर. अर्जात बी तेच लिवेल आहे. तिकडचं तिकडचे लोक पायतीन. आपलं काम इमानात बसवून देण्यापुरतं."

"तिला मान्य नाही."

आता हा माणूस ओरडेल, असं सरांना वाटलं. पंजाबराव हसले.

"नाही त नाही. जबरदस्ती थोडी आहे! तुमी फक्त खाली सही करा, वाचून दाखवलं म्हणून."

'वरील मजकूर संबंधित व्यक्तीस तिच्या भाषेत वाचून दाखवला व तो तिला समजला.' सरांनी ते वाक्य दोनदा वाचलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यांनी सही केली. सर निघाले तशी निलूफर उभी राहिली, छातीवर हात ठेवून किंचित वाकली.

"आज फारसी कामी आली," घरी पोचल्यावर ते बायकोला, जैनबबींना म्हणाले, आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा दोन घास जास्त जेवले.

बारा दिवसांनी पेपरात तीन ओळींची बातमी होती. इराणी विद्यार्थिनी स्वेच्छेने मायदेशी रवाना. सर चहा तसाच टाकून उठले. दुपारी ते पुन्हा त्याच टेबलासमोर उभे होते.

"या सर, या! तुमची मेहनत वाया नाही गेली." पंजाबरावांनी कौतुकानं फाइल उघडली.

सहीच्या जागी अंगठा होता. निळा, एका बाजूला फरफटलेला. एम. फार्म. करणाऱ्या मुलीचा अंगठा. आणि त्याखाली ताहेर सरांची सही, वळणदार, स्वच्छ.

"अंगठा?"

"घाई होती सर. वरच्या साहेबानं इचारलं बी नाही. म्हणे, दुभाष्याची सही आहे ना, मंग झालं." त्यांनी फाइल मिटली. "परवा एक अफगाणी येऊन राहिला. त्याले बी तुमची भाषा समजते म्हणे. येसान ना?"

सर बाहेर आले.  फाटकाजवळच्या भिंतीपाशी ते थांबले.

भावना मागोमाग आली होती.

"सर, हात म्या धरला होता तिचा."

सरांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"लय नखं मारले तिनं मले. मंग एकदमच सोडून देलं. गाडीत बसल्यावर हिंदीत तुमचं नाव इचारलं. म्हणे, इतक्या दिवसात तो एकच माणूस खरं बोलला माह्याशी."

"तू सांगितलंस नाव?"

"हो. मले वाटलं, तेवढं तरी सांगावं."

सर भिंतीकडे वळले आणि ओकले. दोनदा. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले.

भावनानं पाण्याची बाटली पुढं केली. तिच्या बोटांकडे नजर गेली तसा त्यांनी हात मागे घेतला. मग आपल्याच हाताकडे पाहिलं.

त्यांनी बाटली घेतली.