कोपरावरची पांढरी रेघ

वल्लरीला राग आला की तिचे कान तापतात. २००५ च्या एप्रिलमध्ये, शिकागोतल्या तिच्या युनिव्हर्सिटीच्या सभागृहात ती लॅपटॉपपाशी बसली होती आणि कानांतून नुसत्या वाफा निघत होत्या. समोर प्रोफेसर त्र्यंबक खांबेटे तिचा शोध स्वतःचा म्हणून सांगत होते, आणि त्यांच्या स्लाइड पुढे सरकवायचं काम तिच्याकडे होतं.

शोध पेनी-पेनीला विकल्या जाणाऱ्या सचित्र साप्ताहिकांबद्दल होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनमध्ये त्यांचं पेव फुटलं होतं. चित्रं लाकडी ठोकळ्यांवर कोरायची. त्या कामाला लागणारं लाकूड बारीक खोडाचं, म्हणून मोठ्या चित्रासाठी चार-सहा तुकडे खिळवून एक ठोकळा करत. एकेक तुकडा एकेका कारागिराला दिला की आठवड्यात चित्र तयार. फक्त सांध्याजागी छपाईत एक पांढरी रेघ उमटायची.

लायब्ररीच्या तळघरात दोन हिवाळे काढल्यावर, त्या फेब्रुवारीत वल्लरीला ती रेघ दोनदा दिसली. १८७७ च्या अंकात सोलापूरकडच्या दुष्काळातली भुकेली बायकामुलं होती. सात वर्षं आधीच्या अंकात तीच माणसं आयर्लंडमधली, घराबाहेर काढलेली कुळं होती. चर्चचा मनोरा तासून तिथे कळस बसवला होता, बाईच्या डोक्यावरची शाल आता पदर झाली होती, आणि दोन्हीकडे ती रेघ तिच्या कोपरावरूनच जात होती. इकडे माणसं किड्यामुंग्यांसारखी मरत होती आणि त्या नालायक संपादकाला त्यांच्यासाठी नवं चित्रसुद्धा जड झालं होतं. वल्लरी तिथे, तळघरात, संतापाने रडली होती.

आणि मग तिने आपल्या लोकांनीच करावी अशी चूक केली. खांबेटे तिचे गाइड होते, पण त्याआधी ते काका होते. कोल्हापूरहून आली तेव्हा विमानतळावर न्यायला तेच आले होते. त्यांच्या बायकोने, सुवर्णाकाकूंनी, डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून डाळी-पिठं आणून तिचे डबे भरून दिले होते. दुसऱ्या कुणी गाइडला रीतसर ईमेल पाठवली असती. वल्लरी रविवारी झेरॉक्स घेऊन त्यांच्या घरी गेली आणि जेवणाच्या टेबलावर सगळं सांगून बसली. काकांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं, म्हणाले, वा गं. तेवढ्यात काकूंनी थालीपिठं वाढायला हाक मारली आणि शेवटची एक गोष्ट सांगायची राहून गेली.

मार्चमध्ये परिसंवादाचं पत्रक निघालं. त्यात शोध होता, नाव फक्त काकांचं. तिने विचारलं तर ते हसले.

"अगं, तुझं-माझं काय त्यात? तू घरचीच आहेस."

रूममेट उल्का म्हणाली, डिपार्टमेंटकडे कम्प्लेंट कर. म्हणायला काय जातं? असिस्टंटशिपच्या कागदावर सही काकांची, आणि व्हिसा त्या कागदावर. वल्लरीने दात-ओठ खात स्लाइड बनवल्या.

सभागृहात टाळ्या वाजल्या. मग पुढच्या रांगेतल्या एका वयस्क बाईंनी विचारलं, हा तोच ठोकळा कशावरून? कुणी जुन्या छापावरून हुबेहूब नवा कोरला नसेल कशावरून? काकांनी रेघेकडे बोट दाखवलं. बाई म्हणाल्या, नक्कल करणारा रेघेचीही नक्कल करेल. काका पाणी प्यायले, त्यांनी कागद खालीवर केले, आणि मग तिच्याकडे वळून, जेवायच्या टेबलावर मीठ मागावं तसं मराठीत म्हणाले, "वल्लरी, सांग गं जरा."

ती उठली. तिने इंग्रजीत सांगितलं, की रेघेशेजारी लाकडाचा टवका उडालाय. आधीच्या अंकात तो तांदळाएवढा आहे, नंतरच्या अंकात हरभऱ्याएवढा, कारण मधल्या वर्षांत ठोकळा वापरून झिजला. नक्कल करणारा टवका मोठा कशाला करेल? बाईंनी मान डोलावली. वल्लरीला तिथे थांबता आलं असतं.

"हे मला फेब्रुवारीत सापडलं," ती पुढे म्हणाली. "माझ्या थिसिसचं तिसरं प्रकरण आहे हे. प्रोफेसर खांबेट्यांना ते माझ्याकडून कळलं."

जिंकल्यासारखं तिला अजिबात वाटलं नाही. पुढच्या सत्राची फी, व्हिसा, सगळं डोळ्यांपुढे आलं, तरी ती खाली बसली नाही. काकांनी आभार मानले आणि कार्यक्रम आटोपता घेतला.

बाहेर पॅसेजमध्ये त्यांनी तिला गाठलं. ते चिडले नव्हते, दुखावले होते, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

"चारचौघांत कशाला, वल्लरी? घरी बोलायचं होतंस."

"घरीच बोलले होते, काका."